विभागीय चौकशी कुठे रखडते आणि ती मार्गी कशी लावायची

शासकीय कर्मचाऱ्यावरील गैरवर्तणुकीच्या आरोपांची विभागीय चौकशी सहा महिन्यांत संपावी, असे शासनाच्या सूचना सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रेमनाथ बाली प्रकरणात हेच सांगितले: शक्यतो सहा महिने, अडचण असेल तर वाजवी मुदतवाढ, पण फार तर एक वर्ष. तरीही पाच-सात वर्षे चाललेली प्रकरणे कोणत्याही आस्थापना शाखेत सापडतात. अशा प्रकरणाची नस्ती, म्हणजे धारिका, उघडून सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या की बहुतेक वेळा एकच चित्र दिसते. साक्षी आणि उलटतपासणीत गेलेला काळ त्यामानाने थोडा असतो. खरा काळ जातो दोषारोपपत्र बजावण्याआधी आणि चौकशी अहवाल आल्यानंतर. मग "चौकशी अधिकारी तारखाच देत नाहीत" या तक्रारीवर जोर देणारा कर्मचारी आणि "अपचारी (आरोप असलेला कर्मचारी) सहकार्य करत नाही" असे टिप्पणीत लिहिणारी शाखा, दोघेही भलत्याच जागी बोट ठेवतात.

पुढचे विवेचन महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू असलेल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम लागू होतात आणि दुय्यम पोलीस अधिकारी व अंमलदारांना १९५६ चे पोलीस (शिक्षा व अपिले) नियम. टप्पे साधारण सारखे असले तरी नियमांचे क्रमांक आणि दाद मागण्याची ठिकाणे वेगळी आहेत. तिथे इथले क्रमांक जसेच्या तसे उतरवू नयेत.

सुरुवात तारखांच्या तक्त्यापासून

प्रकरण शाखेच्या टेबलावर असो वा स्वतःवर असो, पहिले काम एकच. या तारखा एकाखाली एक लिहायच्या: घटना घडल्याची, कार्यालयाला कळल्याची, प्राथमिक चौकशी सुरू झाल्याची व संपल्याची, दोषारोपांना सक्षम प्राधिकाऱ्याने मान्यता दिल्याची, दोषारोपपत्र प्रत्यक्ष हाती पडल्याची, बचावाचे निवेदन दिल्याची, चौकशी अधिकारी व सादरकर्ता अधिकारी (चौकशीत विभागाची बाजू मांडणारा) नेमल्याची, पहिल्या आणि शेवटच्या सुनावणीची, अहवालाची, अहवालाची प्रत दिल्याची, त्यावरील अभिवेदनाची आणि अंतिम आदेशाची. प्रत्येक दोन तारखांमधल्या अंतरापुढे कागद त्या काळात कोणाकडे होता आणि का, हे लिहायचे. जावक क्रमांक व पोचपावती जोडता आली तर तक्ता पुराव्याच्या तोडीचा होतो.

पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात वाद गेला, तर खंडपीठ नेमके हेच विचारते: उशीर कोणामुळे, त्याचे स्पष्टीकरण आहे का, आणि त्यामुळे बचावाची हानी झाली का. "प्रशासकीय कारणास्तव विलंब झाला" हे वाक्य स्पष्टीकरण धरले जात नाही. "मूळ देयके महालेखापालांच्या कार्यालयात होती, ती मागवण्यासाठी अमुक तारखांना पत्रे पाठवली" हे धरले जाते.

दोषारोपपत्राआधीचा काळ

सर्वात मोठी गळती इथे आहे. तक्रार येते, खुलासा मागवला जातो, खुलासा असमाधानकारक वाटतो, प्राथमिक चौकशीचे आदेश निघतात, चौकशी करणाऱ्याची बदली होते आणि कागद मूळ जागी परत येतो. प्राथमिक चौकशी ही फक्त तथ्य शोधण्यासाठी असते, त्यातून शिक्षा देता येत नाही. म्हणून तिला तीन प्रश्नांपुरतेच ठेवावे: काय घडले, कोणत्या कागदावरून दिसते, आणि ते कोण सांगू शकेल. दोषी कोण याचा निकाल तिथेच द्यायला गेले की अहवाल लांबतो आणि पुढची विभागीय चौकशी पूर्वग्रहदूषित होती असे म्हणायला जागा मिळते.

या टप्प्यावर करायचे खरे काम म्हणजे मूळ अभिलेख ताब्यात घेणे. रोकडवही, प्रमाणके, मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, आवक-जावक नोंदवही, जे असेल ते यादी करून, पृष्ठांकन करून, एका जबाबदार कर्मचाऱ्याच्या ताब्यात द्यावे. हे झाले नाही तर तीन वर्षांनी सुनावणीत "मूळ कागद अभिलेख कक्षात आढळत नाही" असे उत्तर येते आणि प्रकरण तिथेच बसते. कागद लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने किंवा पोलिसांनी जप्त केले असतील, तर त्यांच्या प्रमाणित प्रती जप्तीनंतर लगेच मागवाव्यात. खटला सुरू झाल्यावर न्यायालयातून प्रती काढायला जास्त वेळ लागतो.

त्यानंतर ठरवायचे की प्रकरण १९७९ च्या नियमांतील नियम ८ चे (मोठ्या शिक्षा) की नियम १० चे (किरकोळ शिक्षा). ठपका, पदोन्नती रोखणे, झालेल्या आर्थिक हानीची वसुली, वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा नियम १० खाली देता येतात. त्यासाठी आरोप कळवणे, निवेदन घेणे आणि सकारण आदेश एवढे पुरते. मात्र वेतनवाढ तीन वर्षांपेक्षा जास्त काळ रोखायची असेल, पुढील वेतनवाढींवर परिणाम होईल अशी रोखायची असेल किंवा निवृत्तिवेतनावर परिणाम होणार असेल, तर नियम १० मध्येही पूर्ण चौकशी करावीच लागते. खालच्या टप्प्यावर वा पदावर आणणे, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी यांसाठी नियम ८ ला पर्याय नाही. अनेक शाखा सावधगिरी म्हणून उशिरा हजर राहण्यासारख्या बाबींनाही नियम ८ लावतात. शेवटी दोन वर्षांच्या चौकशीनंतर शिक्षा होते ठपक्याची. ही सावधगिरी नव्हे, निर्णय पुढे ढकलण्याची सवय आहे.

दोषारोपपत्राच्या मसुद्यावर खर्च केलेला आठवडा पुढचे सहा महिने वाचवतो. चार जोडपत्रे असतात: पहिल्यात दोषारोपांच्या बाबी, दुसऱ्यात प्रत्येक बाबीच्या पुष्ट्यर्थ गैरवर्तणुकीचे विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची यादी. मसुदा करताना हे पाहावे:

- एका दोषारोपात एकच घटना असावी. तारीख, ठिकाण, रक्कम, कागदाचा क्रमांक आणि वर्तणूक नियमांतल्या कोणत्या तरतुदीचा भंग, हे त्यात असलेच पाहिजे. "कामात सतत हलगर्जी केली" हा दोषारोप होत नाही. ते मत आहे.
- जोडपत्र तीनमधला प्रत्येक कागद कोण सिद्ध करणार, त्याचे नाव जोडपत्र चारमध्ये हवे. कागद नुसता सादर केला म्हणजे तो सिद्ध झाला असे नाही. रूपसिंग नेगी प्रकरणात, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.
- साक्षीदार निवृत्त झाला असेल किंवा बदलून गेला असेल तर त्याचा आजचा पत्ता घ्यावा. जुन्या पदनामावर पाठवलेली समन्स परत येतात आणि प्रत्येक परतीला एक महिना जातो.
- यादीतल्या सर्व कागदांच्या सुवाच्य प्रती दोषारोपपत्रासोबतच द्याव्यात. प्रती नंतर देऊ म्हटले की प्रतींचा पत्रव्यवहार सुरू होतो आणि बचावाचे निवेदन थांबते.

मान्यतेचा मुद्दा हलक्यात घेऊ नये. चौकशी करायला मान्यता मिळाली म्हणजे दोषारोपपत्राला मान्यता मिळाली असे होत नाही. बी. व्ही. गोपीनाथ प्रकरणात, २०१३ मध्ये, सक्षम प्राधिकाऱ्याने दोषारोपांचा मसुदाच मंजूर केला नव्हता म्हणून दोषारोपपत्र टिकले नाही. धारिकेवर मसुदा जोडून, त्याच मसुद्यावर मान्यतेची स्वाक्षरी घ्यावी. हे चुकले तर पाच वर्षांनंतर प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

एकाच घटनेत अनेक कर्मचारी गुंतलेले असतील तर नियम १२ खाली एकत्र कार्यवाही करता येते. तसा आदेश त्यांच्यापैकी सर्वात वरच्या कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याने काढायचा असतो. यात फायदा असतो, धोकाही असतो. आठ जणांच्या चौकशीत एकाचा बचाव सहायक आजारी पडला की आठही थांबतात. भूमिका स्पष्टपणे वेगळ्या असतील, एखादा निवृत्तीला टेकला असेल, तर स्वतंत्र चौकशी लवकर संपते.

निलंबन असेल तर ९० दिवसांचे घड्याळ

अजयकुमार चौधरी प्रकरणात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये, आणि दिले असेल तर पुढे चालू ठेवण्यासाठी सकारण आदेश हवा. राज्य शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने हे स्वीकारले. निलंबनाच्या आढाव्यासाठीच्या समित्यांची व्यवस्था त्याआधीच १४ ऑक्टोबर २०११ च्या शासन निर्णयात झालेली होती.

शाखेसाठी याचा अर्थ असा: निलंबनाचा आदेश निघतो त्याच दिवशी नोंदवहीत ९० वा दिवस लिहायचा आणि साठाव्या दिवशी मसुदा सक्षम प्राधिकाऱ्याकडे असला पाहिजे. ९० दिवसांच्या आत मान्यता पुरेशी नाही, बजावणी झाली पाहिजे. कर्मचारी पत्त्यावर सापडला नाही तर पोचपावतीचे टपाल, सेवापुस्तकातल्या कायमच्या पत्त्यावर पाठवणे, घरातील प्रौढ व्यक्तीला देणे आणि शेवटी पंचांसमक्ष दारावर डकवणे, या प्रत्येक प्रयत्नाचा कागद ठेवावा.

कर्मचाऱ्यासाठी: ९१ व्या दिवशी दोषारोपपत्र हाती नसेल तर दोन्ही तारखा लिहून, ९ जुलै २०१९ च्या निर्णयाचा उल्लेख करून निलंबन समाप्तीचा अर्ज द्यावा. निलंबन संपते याचा अर्थ चौकशी संपली असा होत नाही. ही गल्लत फार जण करतात. दोषारोपपत्र नंतरही देता येते आणि अकार्यकारी (निर्णयाचे अधिकार नसलेल्या) पदावर नेमणूक होऊ शकते.

निर्वाह भत्ता पहिल्या तीन महिन्यांसाठी अर्धवेतनी रजेच्या वेतनाएवढा आणि त्यावरचा महागाई भत्ता असा असतो. लांबणीला कर्मचारी जबाबदार नसेल तर त्यानंतर भत्त्याच्या निम्म्यापर्यंत वाढ देता येते, म्हणजे ढोबळमानाने वेतनाच्या पाऊण भाग. कर्मचाऱ्यामुळेच लांबले असेल तर तो घटवताही येतो. अन्यत्र नोकरी-धंदा करत नसल्याचे प्रमाणपत्र दर महिन्याला द्यावे, ते नसेल तर भत्ता अडतो. भत्ता दिलाच नाही आणि त्यामुळे कर्मचारी चौकशीला येऊ शकला नाही, तर एकतर्फी चौकशी कोसळू शकते. कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणात, १९९९ मध्ये, तसेच झाले.

चौकशी अधिकारी नेमताना

बचावाच्या निवेदनासाठी साधारण दहा दिवस दिले जातात. कर्मचाऱ्याने मुदतवाढ मागितली तर एकदा द्यावी, तारीख टाकून द्यावी, आणि ती उलटली की निवेदनाची वाट पाहत बसू नये. निवेदन आले नाही म्हणून चौकशी अधिकारी नेमलाच नाही, असे दीड-दोन वर्षे चाललेले प्रकरण शोधायला लांब जावे लागत नाही. निवेदन आले मात्र ते वाचायला हवे. आरोप कबूल असतील तर त्यापुरती चौकशीची गरज उरत नाही, आणि निवेदनावरून आरोप टिकत नाही असे दिसले तर शिस्तभंगविषयक प्राधिकारी (शिक्षा देण्यास सक्षम अधिकारी) तो सोडून देऊ शकतो.

चौकशी अधिकारी आणि सादरकर्ता अधिकारी यांचे आदेश एकाच दिवशी काढावेत. नियमित चौकशी कार्यालय असेल, उदाहरणार्थ प्रादेशिक विभागीय चौकशी अधिकारी, तर आदेश पदनामाने काढावा. नावाने काढला की बदली झाल्यावर नवा आदेश लागतो आणि तो निघेपर्यंत तारखा बंद. नवा अधिकारी आला तरी साक्षी पुन्हा पहिल्यापासून घेण्याची गरज नसते. आधी नोंदवलेल्या पुराव्यावरून तो पुढे जाऊ शकतो, आणि एखाद्या साक्षीदाराला पुन्हा बोलावणे गरजेचे वाटले तर तेवढेच करू शकतो.

आदेशासोबत पाच गोष्टींचा संच गेलाच पाहिजे: दोषारोपपत्र व विवरण, बचावाचे निवेदन, साक्षीदारांचे आधी घेतलेले जबाब, कर्मचाऱ्याला कागदपत्रे मिळाल्याचा पुरावा, आणि सादरकर्ता अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश. यातला एक कागद कमी असला तरी चौकशी अधिकारी संच परत पाठवतो आणि परतीच्या पत्रव्यवहारात सहज तीन महिने जातात.

सादरकर्ता अधिकारी निवडताना शाखा बहुधा ज्याच्याकडे काम कमी त्याला निवडते. प्रकरण तो बांधतो, साक्षीदारांच्या हजेरीचा पाठपुरावा तो करतो, उलटतपासणीनंतर फेरतपासणीची गरज आहे का हे तोच ठरवतो. विषय माहीत असलेला माणूस नेमला नाही तर चांगला दोषारोपही सिद्ध होत नाही.

सुनावणी

चौकशी अधिकाऱ्याला कागद मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत कर्मचाऱ्याने हजर राहायचे असते. तो आरोप नाकारतो तिथून नियम ८ ने स्वतःचे वेळापत्रक दिलेले आहे: कागदपत्रांची तपासणी पाच दिवसांत, यादीत नसलेले कागद हवे असतील तर त्यांची मागणी दहा दिवसांत, आणि पुराव्यासाठी पुढची तारीख तीस दिवसांच्या आत. हे वेळापत्रक पहिल्याच रोजनाम्यात (त्या दिवशीच्या सुनावणीच्या नोंदीत) तारखांसह लिहून कर्मचारी व सादरकर्ता अधिकारी या दोघांच्या सह्या घेतल्या की अर्धी लढाई संपते. "पुढील तारीख कळवण्यात येईल" असा रोजनामा लिहिणे म्हणजे प्रकरण शीतपेटीत टाकणे.

जादा कागदांची मागणी हा उशिराचा ठरलेला सापळा आहे, दोन्ही बाजूंनी. कर्मचारी कधी कधी दहा वर्षांच्या नोंदवह्या मागतो. चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक कागदापुढे बचावाशी संबंध काय हे विचारून, संबंध नसेल तर कारण लिहून मागणी नाकारावी. तो अधिकार नियमाने दिलेला आहे. उलट, संबंध असलेला कागद विभागाकडे आहे आणि दिला नाही, तर पुढे शिक्षाच अडचणीत येते. कागद नसेल तर "उपलब्ध नाही" असे संबंधित कार्यालयाचे लेखी उत्तर पटकन घ्यावे. ते सहा स्मरणपत्रांपेक्षा उपयोगी ठरते.

विभागाचे साक्षीदार सलग दिवसांत तपासावेत. दर महिन्याला एक साक्षीदार, या पद्धतीने दहा साक्षीदारांना वर्ष लागते. त्यात कोणाची निवडणुकीची कामे, कोणाचे प्रशिक्षण. साक्षीदार हजर राहात नसेल तर त्याच्या कार्यालयप्रमुखाला पत्र पाठवून तेवढ्यापुरते कार्यमुक्त करायला सांगावे, आणि दोनदा न आल्यास त्याला वगळून पुढे जाण्याचा निर्णय रोजनाम्यात लिहावा.

कर्मचारी गैरहजर राहिला तर चौकशी एकतर्फी होते. पण एकतर्फी म्हणजे बिनपुराव्याची नव्हे. साक्षी घ्याव्याच लागतात, कागद सिद्ध करावेच लागतात, प्रत्येक तारखेची नोटीस पाठवावी लागते. विभागाची बाजू संपल्यावर बचावाचे साक्षीदार. कर्मचाऱ्याने स्वतःची साक्ष दिली नसेल तर त्याच्याविरुद्ध आलेल्या पुराव्याबद्दल चौकशी अधिकाऱ्याने त्याला प्रश्न विचारणे बंधनकारक आहे. ही छोटी पायरी सर्वाधिक वेळा राहून जाते आणि मग अपिलात प्रकरण परत येते.

बचाव सहायक म्हणून दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. सादरकर्ता अधिकारी स्वतः विधिज्ञ नसेल, तर वकील लावायला शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. सहायकाच्या गैरसोयीसाठी एखादी तारीख द्यावी. वारंवार होत असेल तर दुसरा सहायक घेण्याची लेखी संधी द्यावी आणि पुढे चालावे.

फौजदारी खटला चालू आहे म्हणून चौकशी थांबवणे हा नियम नव्हे, अपवाद आहे. पॉल अँथनी प्रकरणानुसार दोन्ही कार्यवाही एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर स्वरूपाचा, तथ्य व कायद्याचे गुंतागुंतीचे प्रश्न असलेला आणि दोन्हीकडचा पुरावा तोच असेल, तर विभागीय चौकशी थांबवणे योग्य ठरू शकते. खटलाच अवाजवी रेंगाळला तर थांबवलेली चौकशी पुन्हा सुरू करता येते. "खटल्याच्या निकालाच्या अधीन" असा शेरा मारून धारिका कपाटात ठेवायची प्रथा आहे, तिला कसलाही आधार नाही.

अहवाल आल्यानंतर

अहवाल आला की शाखेला सुटल्यासारखे वाटते आणि इथेच दुसरी मोठी गळती सुरू होते. करायचे काम क्रमाने एवढेच: अहवालात प्रत्येक दोषारोपावर स्वतंत्र निष्कर्ष व कारणे आहेत का ते पाहणे, अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देऊन सामान्यतः पंधरा दिवसांत अभिवेदन घेणे, शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचा निर्णय, जिथे बंधनकारक आहे तिथे लोकसेवा आयोगाचा सल्ला, आणि सकारण आदेश. अहवालाची प्रत देण्याचा हक्क बी. करुणाकर प्रकरणात १९९३ मध्ये प्रस्थापित झाला. चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध नाही म्हटले आणि प्राधिकाऱ्याला ते मान्य नसेल, तर असहमतीची कारणे कर्मचाऱ्याला आधी कळवून त्याचे म्हणणे घ्यावे लागते. कुंजबिहारी मिश्रा प्रकरण, १९९८. हे न करता थेट शिक्षा दिली तर आदेश रद्द होतो आणि दोन वर्षे वाया जातात.

अहवाल मनासारखा आला नाही म्हणून नवा चौकशी अधिकारी नेमून सगळे पुन्हा सुरू करता येत नाही. विशिष्ट त्रुटी दाखवून, कारणे लिहून, त्याच चौकशीत पुढील चौकशीसाठी प्रकरण परत पाठवता येते, एवढेच. दप्तर दिरंगाई रोखणारा २००५ चा बदल्यांचा व विलंब प्रतिबंधाचा कायदा धारिका एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये असे सांगतो. अर्धन्यायिक बाबींना त्यातून सूट असल्याने शिक्षेच्या निर्णयाला ही मुदत लावायला गेले तर वाद होतो. मात्र अहवालाची प्रत पाठवणे, संच पुरा करणे, स्मरणपत्र काढणे ही निव्वळ कारकुनी कामे आहेत. त्यांना सूट असल्याचे म्हणणे पटण्यासारखे नाही.

कर्मचाऱ्याने काय करावे

उशीर आपोआप वाचवत नाही. बानी सिंग प्रकरणात, १९९० मध्ये, बारा वर्षांनी आणि पी. व्ही. महादेवन प्रकरणात, २००५ मध्ये, दहा वर्षांनी दिलेली दोषारोपपत्रे टिकली नाहीत, कारण उशिराला समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते. पण चमनलाल गोयल प्रकरणात, १९९५ मध्ये, साडेपाच वर्षांचा उशीर असूनही चौकशी चालू राहिली. आरोपाचे गांभीर्य, उशिराचे कारण आणि बचावाची हानी यांचा तोल पाहायचा, असे न्यायालय म्हणाले. २०१२ च्या प्रभाषचंद्र मिर्धा प्रकरणातला सूर तर असा की केवळ उशिरासाठी दोषारोपपत्र सहसा रद्द करू नये. त्यामुळे "सात वर्षे झाली" एवढ्यावर विसंबू नये. हानी नेमकी दाखवावी: अमुक साक्षीदार वारला, अमुक नोंदवही नष्ट केल्याचे अभिलेख कक्षाचे पत्र आहे, आदेश देणारा वरिष्ठ निवृत्त झाला.

दुसरे, स्वतःच्या नावावर उशीर चढू देऊ नये. निवेदन मुदतीत द्यावे, अपुरे कागद असतील तर "उपलब्ध कागदांवरून, हक्क राखून" द्यावे. प्रत्येक तारखेला हजर राहावे आणि सुनावणी झाली नाही तर हजेरीची नोंद रोजनाम्यात किंवा अर्जावर घ्यावी. दर तीन-चार महिन्यांनी चौकशी लवकर संपवण्याची विनंती लेखी द्यावी. पुढे न्यायाधिकरणात हीच पत्रे बोलतात. गप्प बसलेल्या माणसाला उशीर सोयीचा होता, असा समज होतो.

प्रकरण कोणत्या टेबलावर आहे हे माहिती अधिकारातून काढता येते. मुदत तीस दिवसांची. चौकशीतल्या पुराव्याची माहिती मागितली तर तपासात अडथळा येईल म्हणून नकार येऊ शकतो. त्यापेक्षा धारिकेच्या हालचालीच्या तारखा, स्मरणपत्रांच्या प्रती आणि मुदतवाढीचे आदेश मागावेत. मुदतवाढीचा आदेशच नाही, असे उत्तर आले तर तेही कामाचे.

पदोन्नतीचा प्रश्न वेगळा हाताळायचा असतो. चौकशी प्रलंबित असेल तर निवडसूचीतला (पदोन्नतीसाठी पात्र ठरलेल्यांच्या यादीतला) त्याच्याबद्दलचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात जातो. पण जानकीरामन प्रकरण, १९९१, सांगते की त्यासाठी दोषारोपपत्र दिलेले असावे लागते, नुसती प्राथमिक चौकशी पुरत नाही. राज्याच्या १५ डिसेंबर २०१७ च्या शासन निर्णयानुसार निवडसूचीच्या मूळ बैठकीपासून दोन वर्षे होऊनही निर्णय लागला नसेल, तर तदर्थ पदोन्नतीचा विचार होऊ शकतो. आरोपाचे गांभीर्य आणि लांबणीला कोण जबाबदार हे तिथे पाहिले जाते. अर्जासोबत सुरुवातीला सांगितलेला तक्ता जोडावा.

शेवटची पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. आधी विभागात अभिवेदन किंवा अपील करावे लागते. त्यावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर त्यापुढे एक वर्षाच्या आत अर्ज दाखल करावा. निर्णय झाला असेल तर निर्णयापासून एक वर्ष. अर्जात दोन मागण्या असाव्यात: प्रमुख म्हणून कार्यवाही रद्द करणे आणि पर्यायी म्हणून ठरावीक मुदतीत पूर्ण करणे. प्रत्यक्षात दुसरी जास्त वेळा मिळते. न्यायाधिकरणाने मुदत घातली की विभागाने ती संपण्याआधी वाढीचा अर्ज करावा. मुदत उलटल्यावर जागे झालेल्या विभागाला आपली चौकशीच वाचवावी लागते. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना हे न्यायाधिकरण नाही, त्यांना विभागीय अपिलानंतर उच्च न्यायालय.

निवृत्ती जवळ आली असेल तर

सेवेत असताना दोषारोपपत्र दिले असेल तर चौकशी निवृत्तीनंतरही महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम २७ खाली चालू राहते. दिलेच नसेल, तर नंतर सुरू करायला शासनाची मंजुरी लागते आणि घटना कार्यवाही सुरू होण्याच्या आधीच्या चार वर्षांतली असावी लागते. निवृत्तीच्या दिवशी सायंकाळी घाईने बजावलेले दोषारोपपत्र याच चार वर्षांच्या धाकाने निघते, आणि घाईत मान्यता, जोडपत्रे, बजावणी यांपैकी काहीतरी राहतेच. शाखेने पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी प्रलंबित प्रकरणांशी दर सहा महिन्यांनी ताडून पाहावी.

निवृत्तीनंतर बडतर्फीची शिक्षा देता येत नाही, फक्त निवृत्तिवेतन रोखणे, कमी करणे किंवा हानीची वसुली, तीही शासनाच्या आदेशाने. कार्यवाही प्रलंबित असताना नियम १३० खाली तात्पुरते निवृत्तिवेतन द्यावेच लागते. उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र अंतिम आदेशापर्यंत थांबते. नियम १० खालची किरकोळ शिक्षेची कार्यवाही असेल, आणि ती वसुलीसाठी नसेल, तर उपदानही अडवता येत नाही. अनेक कार्यालये ही तरतूद न वाचता सगळेच रोखून धरतात.

अंतिम आदेशानंतरचे आदेश

शिक्षेविरुद्ध अपील ४५ दिवसांत. पण निर्दोष सुटलेल्याचेही काम संपत नाही. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही आणि त्या काळाचे वेतन किती, याचा वेगळा आदेश निलंबन काळातील वेतनाबाबतच्या १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतील नियम ७२ खाली लागतो. पूर्ण वेतन द्यायचे नसेल तर आधी नोटीस हवी. मोहोरबंद पाकीट उघडण्याचा प्रस्ताव, मानीव दिनांकाचा (पदोन्नती आधीच्या तारखेपासून धरण्याचा) आदेश, वेतननिश्चिती, सेवापुस्तकातली नोंद आणि थकबाकीचे देयक हे प्रत्येक स्वतंत्र कागद आहेत आणि ते आपोआप निघत नाहीत. अंतिम आदेशाची प्रत हाती पडल्याच्या आठवड्यातच या पाचही गोष्टींसाठी वेगवेगळे अर्ज द्यावेत. एकाच अर्जात सगळे मागितले की तो अर्ज एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फिरत राहतो.